बॅटरीची छाटणी कात्री : संत्र्याच्या बगीच्यातील दोन हंगामांचा अनुभव

कळमेश्वर तालुक्यात आमचा चार एकरांचा संत्र्याचा बगीचा आहे. 6 बाय 6 मीटर अंतरावर लावलेली, जंभेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर डोळा बांधलेली सुमारे 430 झाडे त्यात उभी असून त्यांतली बहुतेक चौदा वर्षांची आहेत. मी स्वतः नागपुरात राहतो आणि हंगामात दिवसाआड काटोल रस्त्याने बगीच्यावर जातो. बहार आंबिया धरतो, म्हणजे नोव्हेंबरअखेर फळे उतरतात, त्यानंतर पाणी तोडून बगीचा ताणावर सोडला जातो आणि जानेवारीच्या मध्यास पहिले पाणी दिले जाते. छाटणी करायची ती या दोन टोकांमधल्या पाच-सहा आठवड्यांत. नेमक्या त्याच दिवसांत कापूस वेचणीची आणि तूर काढणीची धांदल असल्याने छाटणीचा हात असलेला माणूस मिळत नाही, आणि मिळालाच तर चार ठिकाणी शब्द देऊन बसलेला असतो. या अडचणीतून मी दोन वर्षांपूर्वी बॅटरीवर चालणारी छाटणी कात्री विकत घेतली. तिच्यावर दोन पूर्ण हंगाम काम झाल्यानंतरच हे परीक्षण लिहीत आहे, कारण नवे हत्यार पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच आवडते.

कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. कॉटन मार्केटच्या बाजूला शेती साहित्याच्या दुकानांतून हिंडलो तेव्हा दिसायला एकाच घडणीची, एकाच मापाची कात्री तीन वेगळ्या नावांनी आणि तीन वेगळ्या रंगांत पाहायला मिळाली, त्यामुळे नावापेक्षा प्रकाराविषयी लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल. मी घेतलेली कात्री 21 व्होल्टची आहे. तिच्यासोबत दोन लिथियम बॅटऱ्या, एक चार्जर, एक जादा पाते आणि पाना असा संच 7,200 रुपयांना मिळाला. पाते एसके-5 जातीच्या पोलादाचे, आणि खोक्यावर 30 मिलिमीटर जाडीपर्यंतची फांदी कापण्याचा दावा. बॅटरीसह वजन किलोभर भरते. हे वजन दुकानात उचलताना काहीच वाटत नाही, घोड्यावर, म्हणजे छाटणीच्या शिडीवर, चढून हात डोक्याच्या वर धरल्यावर दुपारनंतर मात्र ते खांद्याशी बोलू लागते.

दुकानदाराने प्रात्यक्षिकासाठी निंबाची एक ओली काडी कापून दाखवली आणि नाशिकचे द्राक्षवाले हीच कात्री वापरतात, असे सांगितले. ही तुलना तेव्हा मला पटली होती. तिच्यातली गफलत कळायला एक हंगाम जावा लागला.

आधी जे काम ही कात्री खरोखर चांगले करते त्याविषयी लिहितो. संत्र्याच्या छाटणीत निम्म्याहून अधिक काम सल काढण्याचे असते. सल म्हणजे वाळलेल्या, राखाडी पडलेल्या, झाडाच्या पोटात काटेरी जाळ्यासारख्या गुंतून राहिलेल्या काड्या. त्यांच्यावर बुरशी पोसली जाते, वाऱ्याने त्या फळांना घासून डाग पाडतात, आणि त्यांच्या गर्दीमुळे फवारणीचे औषध आतल्या पानांपर्यंत पोहोचत नाही. सल काढताना ती जिथे मेली आहे तिथे कापून चालत नाही. तिच्या खाली दोन सेंटिमीटर जिवंत, हिरव्या लाकडापर्यंत उतरून काप घ्यावा लागतो, नाहीतर मर तशीच खाली सरकत राहते. म्हणजे प्रत्येक काडीला थोडे वाळलेले आणि थोडे ओले असे दोन्ही लाकूड कापावे लागते. संत्र्याचे वाळलेले लाकूड किती चिवट असते हे हाताच्या सिकेटरने, म्हणजे मुठीने दाबायच्या साध्या छाटणी कात्रीने, दिवसभर काम केलेल्या माणसाच्या तळव्याला विचारावे. आमच्याकडे वीस वर्षांपासून छाटणी करणाऱ्या काकांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी डिसेंबरात दरवर्षी फोड येत असे. मागच्या दोन डिसेंबरांत तो आला नाही. या कात्रीच्या बाजूने मला जे काही सांगायचे आहे त्यात हे सर्वांत वर ठेवतो.

वेगाविषयी मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. खोक्यावर चार पट वेगाचा दावा होता. आमच्या वहीतील नोंदीनुसार हाताच्या सिकेटरने एक माणूस दिवसाला बारा ते चौदा झाडे उरकत असे, तर बॅटरीच्या कात्रीने वीस ते बावीस. वाढ चांगली आहे, पण ती चार पट नाही, आणि होणारही नाही, कारण छाटणीतला बराच वेळ कापण्यात जातच नाही. घोडा हलवणे, झाडाखाली वाकून कोणती फांदी कुठून आली हे डोळ्याने मागे नेत पाहणे, कापलेली काटेरी फांदी बाकीच्या फांद्यांना इजा न करता बाहेर ओढणे, आणि दहा पावले मागे जाऊन झाडाचा घेर बघणे, या गोष्टींना कोणतीही बॅटरी लावता येत नाही.

कापाचा दर्जा जाडीनुसार बदलतो. बोटाएवढ्या ओल्या फांदीवर काप इतका स्वच्छ येतो की सालीची कड कुठेही चेचलेली दिसत नाही. पाते दुसऱ्या जबड्याच्या शेजारून सरकणाऱ्या प्रकारचे असल्याने काप घेताना पात्याची बाजू झाडावर राहणाऱ्या लाकडाकडे आणि बोथट जबडा टाकाऊ फांदीकडे ठेवावा लागतो. हे एकदा हाताला वळण लागले की जमून जाते. फांदी जिथून फुटते तिथे बुडाशी एक किंचित फुगीर कड असते, आणि काप तिच्या बाहेरून घेतला तर जखम वर्ष-दीड वर्षात भरून येते. फार बाहेरून घेतला तर खुंटी उरते आणि वाळते, फार आतून घेतला तर जखम मोठी होते. बॅटरीच्या कात्रीचे डोके हाताच्या सिकेटरपेक्षा जाड असल्याने दाट जागेत ते या कडेपर्यंत नेमके पोहोचत नाही आणि खुंट्या उरतात. पहिल्या वर्षी आमच्याकडे अशा खुंट्या पुष्कळ राहिल्या. दुसऱ्या वर्षी काकांनी कमरेला हाताचे सिकेटरही अडकवून ठेवले आणि आतला प्रत्येक काप त्याने साफ केला.

30 मिलिमीटरचा दावा ओल्या लाकडापुरता खरा मानावा. वाळलेल्या संत्र्याच्या फांदीवर 25 मिलिमीटरच्या पुढे पाते अर्ध्यात अडकते, मोटर कण्हते आणि बंद पडते. अशा वेळी कात्री हलवून सोडवण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण तसे करताना आमच्या पहिल्या पात्याची धार तीन ठिकाणी दुमडली. मनगटाएवढ्या फांदीसाठी करवतीला पर्याय नाही. तीही आधी खालून थोडी, मग वरून, आणि शेवटी उरलेला बुंधा, अशा तीन कापांतच उतरवावी, नाहीतर फांदी आपल्या वजनाने खोडाची साल ओरबाडून नेते.

आता पानसोटांविषयी. झाडाच्या मुख्य फांद्यांवर सरळ आकाशाकडे झेपावणारी, मोठ्या पानांची, तिकोनी अंगाची आणि लांब काट्यांची जी फूट येते ती पानसोट. ती अन्न भरपूर खाते आणि लवकर फळावर येत नाही, म्हणून काढायची हा ढोबळ नियम झाला. कोवळी असताना ती अंगठ्याने दाबून मोडली तर बुडातले डोळे तिच्यासोबतच निघून येतात आणि पुन्हा फूट येण्याचे प्रमाण कमी राहते. यंत्र हातात असले की मात्र माणूस मोडत नाही, कापतो, आणि कापलेल्या जागेच्या बाजूने पावसाळ्यात दोन-तीन नव्या फुटी येतात. शिवाय प्रत्येक पानसोट टाकाऊ नसते. जुनी फांदी मेल्यामुळे झाडाच्या घेरात एखाद्या बाजूला खिंडार पडलेले असेल, तर त्या दिशेची एखादी पानसोट राखून, तिचा शेंडा खुडून, सुतळीने हळूहळू आडवी ओढून बांधली तर दोन वर्षांत तिथे फळणारी फांदी तयार होते. आमच्या पश्चिमेकडच्या धुऱ्याजवळच्या (बांधाजवळच्या) एका झाडावर काकांनी अशी एक पानसोट राखून आडवी बांधली होती. पहिल्याच हंगामात माझ्या पुतण्याने ती कात्रीच्या एका खटक्यासरशी उडवली आणि सुतळीचा तुकडा तेवढा लोंबत राहिला. काका त्याला एवढेच म्हणाले, "कापाले सोपं झालं म्हून सारंच कापाव काय बाप्पा?"

त्याच पुतण्याच्या हातून घडलेली दुसरी चूक जास्त महागात पडली. मेलेल्या झाडांच्या जागी आम्ही काही नवी कलमे लावली होती. जंभेरीचा खुंट जोमदार असल्याने जोडाच्या खालून त्याची फूट येते, ती वेळीच काढली नाही तर वरच्या संत्र्याला मागे टाकते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तेच खरे झाड वाटू लागते. वाकून जोडाची जागा पाहिल्याशिवाय यात फरक करता येत नाही. पुतण्याने उभ्यानेच अंदाज बांधला आणि तीन कलमांवरचे संत्रे कापून जंभेरी राखली. हाताच्या सिकेटरने अंगठ्याएवढे खोड कापायला जोर लावावा लागतो आणि त्या दोन-चार क्षणांत माणूस थबकून पुन्हा बघतो. या कात्रीत तो क्षण उरत नाही. तेव्हापासून तीन वर्षांखालील झाडांजवळ ती न्यायची नाही असे आम्ही ठरवले आहे. लहान झाडाला वळण देण्याचे काम तसेही थोडे असते. खोड एकच राखायचे, जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतची फूट काढत राहायची, वर चारही दिशांना पसरलेल्या चार ते सहा फांद्या निवडायच्या, आणि त्या एकाच उंचीवरून न फुटता खोडावर थोड्याथोड्या अंतराने फुटलेल्या असतील हे पाहायचे. त्यासाठी खिशातले साधे सिकेटर पुरते.

दुकानदाराच्या द्राक्षाच्या तुलनेकडे आता परत येतो. नाशिककडे द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. तिथे छाटणी हीच पिकाची सुरुवात असते, कारण काडी छाटल्यावर फुगणाऱ्या डोळ्यातूनच घड बाहेर पडतो. संत्र्याचे गणित निराळे आहे. संत्रा हे सदाहरित झाड असून त्याचा अन्नसाठा पानांत आणि काड्यांतही असतो, आणि आपल्याकडे फुले येतात ती ताण तोडल्यावर. छाटणीने फुलांना बोलावणे येत नाही. तिने फक्त उजेड, हवा आणि औषध झाडाच्या पोटात पोहोचते. म्हणून सल, रोगट फांद्या, पानसोट आणि एकमेकींवर घासणाऱ्या काही फांद्या एवढेच काढून थांबायचे असते. पहिल्या वर्षी यंत्राच्या हौसेत आम्ही नैर्ऋत्येकडच्या दोन ओळी द्राक्षासारख्या मोकळ्या केल्या. दिसायला त्या फार देखण्या झाल्या होत्या आणि शेजारचे लोक पाहायलाही आले. जानेवारीत पाणी दिल्यावर बाकी बगीचा फुलांनी पांढरा झाला, त्या दोन ओळींत मात्र फुले विरळ आणि लांब हिरवी फूट भरमसाट आली. पुढे मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या घरात असताना, आडोसा गेलेल्या जाड फांद्यांची वरची साल दुपारच्या उन्हाने भाजून तडकली. आम्ही घाईने चुना लावला, पण तो छाटणीनंतर लगेच लावायला हवा होता. त्या दोन ओळींचे उत्पन्न शेजारच्या ओळींच्या जेमतेम निम्मे निघाले. हा दोष कात्रीच्या माथी मारण्यात अर्थ नाही, परंतु हाताचे सिकेटर असते तर तळवा दुखून आम्ही आधीच थांबलो असतो.

दुसऱ्या हंगामापूर्वी मी अमरावती रस्त्यावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन आलो. 1985 मध्ये सुरू झालेली ही संस्था नागपुरात असूनही आपल्यापैकी पुष्कळ बागायतदार डिंक्याने, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाने, अर्धा बगीचा गेल्यावरच तिची पायरी चढतात, आणि मीही त्यांतलाच. त्यानंतर हत्यारांच्या निर्जंतुकीकरणाची शिस्त आम्ही लावून घेतली. लिंबूवर्गीय झाडांतला एक्झोकॉर्टिस हा विषाणूपेक्षाही सूक्ष्म घटकामुळे होणारा रोग पात्याला लागलेल्या रसातून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो, आणि स्पिरिटने पाते पुसल्याने तो जात नाही. त्याला सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे फरशी पुसायच्या ब्लीचचे पाणी लागते. इथे या कात्रीची एक मोठी उणीव उघडी पडते. हाताचे सिकेटर बादलीत बुडवता येते, ही बुडवता येत नाही. प्रत्येक झाडानंतर फडक्याने दोन्ही जबडे पुसावे लागतात, सांध्यातला चिकट रस तरीही राहतोच, आणि संध्याकाळी साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून तेल लावले नाही तर एसके-5 चे पाते सकाळपर्यंत तांबूस होते. पाते सहज काढून बुडवता येईल अशी खिट्टी निर्मात्याने दिली असती तर मी हजार रुपये जास्त मोजले असते.

कापलेल्या जागांना बोर्डो मलम लावण्याचे काम या कात्रीमुळे वाढते, हेही खरेदीपूर्वी कोणी सांगत नाही. एक माणूस वीस झाडे छाटत असेल तर त्याच्या मागे मलम घेऊन फिरणारा दुसरा माणूस लागतोच. आम्ही एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना दहा लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करतो आणि त्यात लोखंडी विळ्याचे टोक बुडवून पाहतो. विळ्यावर तांब्याचा लालसर थर आला तर चुना कमी पडला असे समजून थोडा वाढवतो. हे मलम त्याच दिवशी संपवावे लागते. छाटणी आटोपल्यावर मोरचूद आणि चुन्याचे हेच प्रमाण शंभर लिटर पाण्यात घेऊन संपूर्ण झाडावर एक फवारा देतो.

बॅटरीबाबत माझी तक्रार नाही. एक बॅटरी सलग कामात अडीच ते तीन तास चालते, दोन बॅटऱ्यांत दिवस निघतो, आणि रात्री नागपूरला आणून त्या चार्ज करता येतात. बगीच्यातच मुक्काम असणाऱ्यांनी सिंगल फेज वीज किती वेळ असते हे पाहून तिसरी बॅटरी घ्यावी. हंगामानंतर बॅटरी पूर्ण रिकामी ठेवू नये आणि बगीच्यातल्या पत्र्याच्या खोलीत तर मुळीच ठेवू नये. मे महिन्यात त्या खोलीत माणूसही टिकत नाही.

तक्रार आहे ती हमीबद्दल. यंत्रावर सहा महिन्यांची हमी होती. संत्र्याची छाटणी कात्री वर्षातून दीड महिना चालते आणि उरलेले साडेदहा महिने खोक्यात झोपते. पुढच्या डिसेंबरात तिचा खटका दाबल्यावर पाते उघडेच राहू लागले, तेव्हा तिने प्रत्यक्षात दोन महिनेही काम केले नव्हते, पण पावतीवरच्या तारखेला वर्ष होऊन गेले होते. दुकानदाराने पावती पाहिली, कात्रीकडे पाहिलेही नाही, आणि नवी घेण्याचा सल्ला दिला. शेवटी सीताबर्डीतील एका मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने आतली बारीक कळ बदलून साडेतीनशे रुपयांत ती चालू करून दिली. तिच्यात संत्र्याच्या सालीचा बारीक भुसा साचला होता. तेव्हापासून आम्ही आठवड्यातून एकदा हवेच्या पंपाने खटक्याची फट साफ करतो. जादा पाती नागपुरात मिळतात, मात्र तीन नावांनी विकली जाणारी ती पाती एकमेकांना बसत नाहीत, अर्ध्या मिलिमीटरने भोक चुकते, म्हणून जुने पाते सोबत घेऊन जावे.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात, पण गंभीरपणे. ही कात्री बोट आणि फांदी यांत फरक करत नाही. मोकळ्या हाताने फांदी धरायची असेल तर कापापासून हातभर अंतरावर धरावी, घोड्यावर चढता-उतरताना कळ बंद करावी, आणि डाव्या हातात जाळीचा हातमोजा घालावा. तो संचात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो.

कोणी घ्यावी, या प्रश्नाला माझे उत्तर झाडांच्या संख्येवर आणि त्याहून अधिक छाटणी करणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. शंभर-सव्वाशे झाडे असतील तर आठशे रुपयांचे चांगले सिकेटर, एक घडीची करवत आणि एक धारेचा दगड एवढ्यात काम होते. तीनशेच्या वर झाडे असतील आणि कोणती फांदी ठेवायची हे जाणणारा, पण वयाने तळवा थकलेला माणूस तुमच्याकडे असेल, तर हे 7,200 रुपये वसूल होतात. माणूस नवखा असेल तर पहिले दोन हंगाम त्याला हाताचेच सिकेटर द्यावे. आमच्याकडे आता कात्री काकांच्या ताब्यात असते. पुतण्या त्यांच्या मागून मलमाची बादली घेऊन फिरतो, आणि कुठल्या फांदीला हात लावण्याआधी ती कुठून आली आहे हे त्याला बोट ठेवून दाखवावे लागते. येत्या डिसेंबरासाठी दोन पाती आणि एक जाळीचा हातमोजा आणून ठेवला आहे, आणि धुऱ्याजवळच्या त्या झाडावर काकांनी दुसरी पानसोट आडवी बांधली आहे. या वेळी तिला लाल कापडाची चिंधी लावली आहे.